संगणनशक्ती एमआयडीसीपर्यंत नेताना

माझे सारे कामकाजी आयुष्य सिम्युलेशनमध्ये गेले. गाडीचा एखादा भाग प्रत्यक्षात घडण्याआधी तो संगणकावर वाकवायचा, तापवायचा, आपटायचा आणि कुठे मोडतो ते पाहायचे, हा माझा व्यवसाय. पिंपरी-चिंचवडच्या एका लहान इंजिनिअरिंग कंपनीत मी सुरुवात केली. पुढे उद्योजकांच्या संघटना, इंजिनिअरिंग कॉलेजे आणि सरकारी संगणन केंद्रे यांच्यामध्ये ये-जा करणारी मधली व्यक्ती झाले. मोठी संगणनशक्ती लहान कारखानदाराच्या हाती यावी म्हणून सरकारी पाठबळावर चाललेल्या कार्यशाळांत, चाचण्यांत आणि कारखान्यांच्या भेटीगाठींत मी वर्षानुवर्षे राहिले. त्यातून जे कळले ते इथे मांडते आहे.

विषय असा. वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या मालकीचे संगणक जाळ्याने जोडायचे आणि जो मोकळा असेल त्याच्याकडे काम आपोआप जाईल अशी व्यवस्था करायची, हे ग्रिड कॉम्प्युटिंग. इयन फॉस्टर आणि कार्ल केसलमन यांच्या १९९८ च्या ग्रंथानंतर ही कल्पना जगभर पसरली. आपल्याकडे सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने केंद्राच्या पैशातून ‘गरुड’ ही राष्ट्रीय ग्रिड उभारली आणि पहिल्या टप्प्यात १७ शहरांतल्या ४५ संस्था जोडल्या. पुढे शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारे राष्ट्रीय ज्ञानजाळे आले, त्याला २०१० मध्ये ५,९९० कोटी रुपये मंजूर झाले. २०१५ मध्ये ४,५०० कोटींचे राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन आले. क्लाउड आल्यावर ग्रिड हा शब्द मागे पडला, पण दूरची शक्ती जवळच्या कामाला कशी लावायची हा प्रश्न तसाच राहिला.

पुण्यात हा प्रश्न फार ठळकपणे दिसतो. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक याच शहरात घडला. नोव्हेंबर २००७ च्या महासंगणकांच्या जागतिक यादीत चौथ्या क्रमांकावर आलेला टाटांचा ‘एका’ हा महासंगणकही पुण्यातच होता. आणि त्याच काळात भोसरीतल्या डिझाइन ऑफिसांत इंजिनिअर संध्याकाळी गणित लावून घरी जात आणि सकाळी येऊन पाहत, तर मशीन मध्येच अडकलेले असे. दोन्ही ठिकाणे मी जवळून पाहिली आहेत. त्यांच्यामधला रस्ता तासाभराचा होता. तरी या टोकाला काय आहे, हे त्या टोकाला कुणी समजावून सांगितले नव्हते.

१. आधी रिजेक्शन विचारा

कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्र्यांची दाटी आहे. पंप, ट्रॅक्टर, गाड्यांची इंजिने यांचे बिडाचे भाग तिथे ओतले जातात. अशाच एका फाउंड्रीत आम्ही सादरीकरण केले. सोबतच्या तज्ज्ञांनी टेराफ्लॉप, नोड, जोडणीचा वेग हे सगळे मन लावून सांगितले. मालकांनी पूर्ण ऐकून घेतले, चहा मागवला आणि म्हणाले, “मॅडम, मशीन लई मोठं हाय, ते कळलं. आमच्या हाउसिंगमध्ये श्रिंकेज निघतंय, त्येचं काय करायचं तेवढं सांगा.”

ते कास्टिंग टेबलावरच होते, मधून कापलेले. जाड भागाच्या ऐन मध्यावर स्पंजासारखी छिद्रे दिसत होती.

सुमारे १४०० अंशांचा रस साच्यात गेला की बाहेरून आत थिजत जातो. जाड भाग सगळ्यात शेवटी थिजतो आणि थिजताना आकसतो. ती तूट भरून काढायला शेजारच्या रायझरमधून, म्हणजे जास्तीचा रस साठवणाऱ्या पोकळीतून, रस मिळाला नाही तर आत पोकळी राहते. रायझर कुठे ठेवायचा, केवढा ठेवायचा, रस कोणत्या वाटेने आत सोडायचा, या सगळ्याला फाउंड्रीत मेथडिंग म्हणतात आणि ते बहुतेक वेळा एका अनुभवी माणसाच्या डोक्यात असते. अंदाज फसला की पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, दुरुस्त करायचा, पुन्हा साचा भरायचा, पुन्हा ओतायचे, पुन्हा कापून बघायचे. एकेका फेरीत दिवस जातात आणि वितळवायला लागलेली वीज वाया जाते. दरम्यान ग्राहक फोन करून माल मागत असतो.

हेच थिजणे संगणकावर आधी बघता येते. ऑफिसातल्या साध्या मशीनला एक मांडणी तपासायला रात्र लागते, म्हणून लोक दोन-तीन मांडण्या बघून थांबतात. पण रायझरच्या जागा बदलून तयार केलेल्या तीस मांडण्या एकमेकींवर अवलंबून नसतात. त्या तीस वेगवेगळ्या मशीनवर एकाच रात्री चालू शकतात. ग्रिडला याहून सोयीचे काम नाही.

हे सांगितल्यावर मालकांनी मेथडिंगच्या मिस्त्रींना वर बोलावले. त्यांनी कागद ओढला, पेन्सिल काढली, आणि पुढचा तासभर रायझर, चिल (उष्णता ओढून घेणारे धातूचे तुकडे) आणि गेट (रसाची वाट) यांवरच बोलणे झाले. महासंगणकाचे नाव कुणी घेतले नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक कारखान्यात पहिला प्रश्न एकच विचारते: शेवटचा परत आलेला माल कोणता?

२. “तुम्हाला याची गरज नाही” असे सांगणारा कुणीतरी हवा

कारखानदाराकडे येणारा प्रत्येक जण काही ना काही विकायला आलेला असतो. संगणक विकणारा मोठा संगणक घ्या म्हणतो, सॉफ्टवेअर विकणारा वरच्या दर्जाचा परवाना घ्या म्हणतो. आणि काही कामे अशी असतात की कितीही मशीन लावली तरी वेग वाढत नाही. संगणकतज्ज्ञ जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलेला हिशेब आजही तितकाच खरा आहे. कामाचा पाच टक्के भाग जर एकामागून एकच करावा लागत असेल, तर हजार प्रोसेसर लावले तरी एकूण वेग वीसपटीच्या पुढे जात नाही.

शिवाय सगळी गणिते ग्रिडवर सारखी चालत नाहीत. गाडीच्या धडकेचे गणित घ्या. तिथे गाडीचे लाखो तुकडे केलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याला क्षणोक्षणी शेजारच्या तुकड्याची खबर लागते. असे काम पुण्यातल्या आणि बंगळुरूतल्या मशीनवर अर्धे-अर्धे वाटले तर मशीन गणित करण्याऐवजी निरोपाची वाट पाहत बसतात. त्याला एकाच खोलीतले, अतिवेगवान जोडणीचे क्लस्टर लागते. उलट रायझरच्या मांडण्या, ॲनिमेशनच्या चित्रचौकटी, हजारो रेणू एका प्रथिनावर बसतात का ते तपासणे, विम्याच्या जोखमीचे हिशेब ही कामे सुटी सुटी असतात. ती लांबवरच्या मशीनवरही सुखाने चालतात.

हा फरक कारखानदाराला निःस्वार्थपणे कोण सांगणार? ज्याला काही विकायचे नाही तोच. ज्ञानाची देवघेव सरकारी पैशावर चालली पाहिजे असे मला इतक्या ठामपणे वाटते त्याचे पहिले कारण हेच. एका गिअर बनवणाऱ्या उद्योजकाला आम्ही सगळे तपासून सांगितले की तुमच्या कामाला सध्याच्या मशीनमध्ये मेमरी वाढवली की पुरे. त्यांनी तेवढेच केले आणि त्यांचे काम झाले. पुढे त्यांनीच आपल्या ओळखीचे तिघे आमच्याकडे पाठवले, आणि त्या तिघांची कामे खरोखर ग्रिडची होती.

३. शेजाऱ्याचे ऐकतात, पण शेजारी आपणहून सांगत नाही

कारखानदाराचा विश्वास दुसऱ्या कारखानदारावर बसतो. प्राध्यापकाबद्दल त्याला आदर असतो, सरकारी अधिकाऱ्याशी तो अदबीने बोलतो, पण पैसा बाहेर काढतो तो आपल्यासारख्याच कुणाला फायदा झालेला पाहून. अडचण अशी की ज्याला फायदा झाला तो गप्प बसतो. त्याचे रिजेक्शन कमी झाले हे शेजारच्या शेडमधल्या स्पर्धकाला त्याने का सांगावे?

ही गाठ सोडवायला युरोपने चांगला मार्ग काढला. युरोपीय संघाच्या पैशावर २००६ मध्ये ‘बीइनग्रिड’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यात ग्रिडचे २५ व्यावसायिक प्रयोग झाले. कापड उद्योग, चित्रपटनिर्मितीनंतरचे काम, कर्करोगावरच्या किरणोपचारांचे नियोजन अशी क्षेत्रे मुद्दाम वेगवेगळी घेतली होती. २०१३ मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या संगणन केंद्राच्या नेतृत्वाखाली ‘फोर्टिसिमो’ सुरू झाला. तो खास उत्पादन क्षेत्रातल्या लहान-मध्यम कंपन्यांसाठी होता. प्रत्येक प्रयोगात अडचण असलेला उत्पादक, सॉफ्टवेअर देणारा, संगणन केंद्र आणि विषयाचा जाणकार यांना एकत्र बांधलेले असे. प्रयोग संपला की अडचण काय होती, काय केले, धंद्याला काय मिळाले, हे थोडक्यात लिहून सर्वांसाठी खुले केले जाई. ब्रिटनच्या व्यापार आणि उद्योग खात्याने तर ‘ग्रिड कॉम्प्युटिंग नाऊ!’ नावाचे एक ज्ञान-हस्तांतरण जाळेच चालवले. उद्योगांची संघटना आणि राष्ट्रीय ई-सायन्स केंद्र त्यात एकत्र होते.

या सगळ्यांतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे देवाणघेवाणीची अट. जनतेच्या पैशातून तुमचा प्रयोग होतो, तर तुमचा अनुभव जनतेचा. ड्रॉइंग तुमचे, ग्राहक तुमचा, किंमत तुमची, यातले काही उघड करायचे नाही. पण कोणते काम नेले, कुठे अडले, किती वेळ वाचला, कोणता खर्च अंगावर आला, हे लिहून द्यायचे. ही अट पहिल्याच कागदावर असेल तर उद्योजक ती सहज मान्य करतात. मागाहून मागायला गेलो की कुणी देत नाही.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. १९७४ मध्ये पुदुच्चेरीला देशातले पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. पुढे महाराष्ट्रातही जिल्ह्याजिल्ह्यांत अशी केंद्रे झाली. त्यांचे बळ शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानात केलेल्या प्रात्यक्षिकात आहे. बियाणे केंद्राचे, रान शेतकऱ्याचे, आणि बांधावर उभे राहून बघणारे गावचे. नाशिक-सांगलीचे द्राक्ष बागायतदार एकमेकांच्या बागेत जाऊन छाटणी आणि फवारणीवर तासन्‌तास बोलतात. या राज्यातल्या लोकांना अनुभव वाटून घेणे जमत नाही असे म्हणायला मी तयार नाही. कारखान्यांसाठी असा बांध कुणी तयार केला नाही, एवढेच.

आणि फसलेले प्रयोगही लिहिले गेले पाहिजेत. एका प्रयोगात गणित दोन तासांत झाले, पण त्याच्या फायली कारखान्याच्या इंटरनेटवरून खाली उतरायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागला. शेवटी हार्ड डिस्क एसटीच्या पार्सलने आली. ही नोंद आमच्या कार्यशाळांत सगळ्यात उपयोगी ठरली. पुढच्या उद्योजकांनी सगळ्या फायली न मागवता केंद्रावरच चित्रे काढून तेवढीच मागवायला सुरुवात केली.

४. गुरुवारची रिकामी ऑफिसे

दूरच्या महासंगणकाकडे जाण्याआधी स्वतःच्या ऑफिसात काय पडून आहे ते पाहावे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८ पासून ‘कॉन्डॉर’ नावाची प्रणाली विकसित होत आली आहे. टेबलावरचा संगणक कुणी वापरत नसेल तेव्हा ती त्याच्याकडे काम सोपवते आणि माणूस परत आला की काम बाजूला घेते. ती मोफत मिळते. पिंपरी-भोसरी पट्ट्यात गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते. त्या दिवशी डिझाइन ऑफिसातले सगळे संगणक रिकामे पडून असतात, रोज रात्रीही असतात. अशा मशीनची छोटी ग्रिड एका दिवसात उभी राहते. मालकाला पहिला निकाल स्वतःच्याच छताखाली, स्वतःच्याच मशीनवर दिसतो, आणि दुसरा पैसा खर्च करायचा की नाही हे तो डोळ्यांनी पाहून ठरवतो. विजेचे बिल आणि खोलीचा उकाडा यांचा विचार आधी करावा, आणि ज्या मुलाकडे ऑफिसातले संगणक सांभाळायचे काम आहे त्याला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यावे. तो नाराज असेल तर पुढच्या सोमवारी सगळे बंद झालेले आढळते.

५. सॉफ्टवेअरचा परवाना ही मोठी भिंत

हे मी प्रत्येक सरकारी बैठकीत बोलत आले. संगणनाचे तास स्वस्त करा, मोफत द्या, तरीही लहान कारखानदार येत नाही, कारण त्याच्या सॉफ्टवेअरचा परवाना तिथे चालत नाही. बाजारातली बहुतेक सिम्युलेशन सॉफ्टवेअर किती प्रोसेसरवर चालवणार यावर पैसे घेतात. एका मशीनसाठी विकत घेतलेला परवाना दुसऱ्या संस्थेच्या मशीनवर वापरायला करारात बंदी असते. तीस मांडण्या एका रात्रीत चालवायच्या तर तीस परवाने लागतात, आणि तेवढ्या पैशांत नवे मशीन शॉप उभे राहील.

यावर तीन उपाय मी चाललेले पाहिले. पहिला म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर. हवा-पाण्याच्या प्रवाहासाठी २००४ मध्ये खुले झालेले ओपनफोम आहे, ताण-भाराच्या गणितांसाठी कॅलक्युलिक्स आहे. पण ही साधने शिकायला कष्ट पडतात, म्हणजे पुन्हा शिकवणारा माणूस लागतोच. दुसरा, तासावर भाड्याने परवाना. विक्रेते एकट्या कारखानदाराला तो देत नाहीत, संघटनेने पंधरा-वीस जणांची मागणी एकत्र नेली की बोलायला तयार होतात. तिसरा, सरकारी केंद्राने स्वतः परवाने घेऊन ते सामायिक ठेवणे. लहान उद्योगांच्या समूहविकास योजनेत सामायिक सुविधा केंद्रासाठी अनुदान मिळते आणि त्यातून यंत्रसामग्री येते. माझे आग्रहाचे म्हणणे आहे की अशा केंद्रात चाचणीयंत्रांच्या शेजारी सिम्युलेशनच्या परवान्यांनाही जागा मिळाली पाहिजे. वाळू तपासायचे यंत्र जसे सगळ्यांचे, तसा परवानाही सगळ्यांचा.

६. ड्रॉइंग कुणाच्या हाती जाते

“आमचं ड्रॉइंग सरकारी मशीनवर टाकायचं? उद्या मोठ्या कंपनीला कळलं तर ऑर्डर जाईल.” हे वाक्य मी चाकणपासून नाशिकच्या अंबडपर्यंत सगळीकडे ऐकले, आणि ते बोलणाऱ्याची भीती पूर्ण रास्त आहे. ज्या मोठ्या कंपनीचा भाग तो बनवतो, तिच्याशी त्याचा गोपनीयतेचा करार असतो. तो मोडला तर धंदाच जातो.

तिथे “आमची सुरक्षा जागतिक दर्जाची आहे” असे सांगून काही होत नाही. आम्ही एक साधा कागद केला. तुमची फाइल कोणत्या शहरात, कोणत्या मशीनवर राहील, ती उघडण्याचा अधिकार कुणाला, काम संपल्यावर किती दिवसांत पुसली जाईल, पुसल्याचे पत्र कोण देईल, आणि काही चुकले तर फोन कुणाला करायचा. सगळे एका पानात आणि खाली केंद्राच्या जबाबदार अधिकाऱ्याची सही. शिवाय भागाचे नाव, ग्राहकाचे नाव, ड्रॉइंग नंबर हे सगळे काढून नुसती भूमिती पाठवायची सवय लावली. शेकडो भूमितींत ती कुणाच्या गाडीची हे ओळखता येत नाही.

काही उद्योजकांनी आधी जुन्या, उत्पादनातून गेलेल्या भागावर प्रयोग करू द्या म्हटले. मला ते फार शहाणपणाचे वाटते. जुन्या भागाचे खरे वागणे त्यांना पाठ असते. त्यामुळे संगणकाचे उत्तर खरे की खोटे हे त्यांना लगेच पारखता येते, आणि गुपितही जात नाही.

७. माणूस द्या

सगळ्यात मोलाचा अनुभव हा, म्हणून यावर थोडे जास्त लिहिते.

ब्रिटनने १९७५ मध्ये एक योजना काढली. विद्यापीठातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पदवीधराला एखाद्या कंपनीत ठरावीक प्रकल्पावर ठेवायचे. तो बसायचा कंपनीत, मार्गदर्शन विद्यापीठाचे, खर्चाचा मोठा वाटा सरकारचा आणि उरलेला कंपनीचा. २००३ मध्ये तिचे नाव ज्ञान-हस्तांतरण भागीदारी असे झाले आणि ती अजून चालू आहे. तंत्रज्ञानाच्या फॅशन आल्या-गेल्या, ही योजना टिकली, कारण तिच्यात ज्ञान चालत कारखान्यात जाते आणि तिथेच मुक्काम करते.

आपल्याकडे शिकवण्याची सोय होऊ लागली आहे. सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली खरगपूर, मद्रास, गोवा आणि पालक्काड इथल्या आयआयटींत प्रशिक्षणाची केंद्रे निघाली. पुण्यातच आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ उभा राहिला. पण तिथे शिकलेली बहुतेक मुले मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत किंवा परदेशी जातात. त्यांनी जाऊ नये असे मी म्हणणार नाही. त्यांना शिरोलीत किंवा नाशिकच्या सातपूरमध्ये दोन वर्षे सन्मानाने काम करता येईल अशी जागाच आपण तयार केली नाही, हे मात्र मला सलते.

अशी जागा झाली की काय होते ते मी एकदा पाहिले. सांगलीकडच्या एका कॉलेजातून मेकॅनिकल झालेली मुलगी संघटनेच्या आणि प्रकल्पाच्या एकत्र खर्चातून काही महिने एका फाउंड्रीसमूहात बसली. सकाळी ती साच्यांच्या शेडमध्ये असायची, दुपारी संगणकावर. वाळूचा ओलावा किती, ओतणारा माणूस रसाचे भांडे (लाडल) किती उंच धरतो, पावसाळ्यात काय बदलते, हे तिने कागदावर न विचारता उभे राहून बघितले. त्यामुळे तिच्या गणितातले आकडे त्या शेडमधले आकडे होते, पुस्तकातले नव्हते. सुरुवातीला मिस्त्री तिच्याशी बोलत नसत. मग एका कास्टिंगमध्ये तिच्या पडद्यावर जिथे लाल डाग दिसला, तिथेच कापल्यावर पोकळी निघाली. त्यानंतर मिस्त्री रोज तिला म्हणू लागले, “बाई, ह्यो रायझर हिकडं सरकवून बघा जरा.” त्यांची तीस-पस्तीस वर्षांची नजर आणि तिची यंत्रविद्या एकत्र आली. मिस्त्री सुचवायचे त्या मांडण्या ती रात्री दूरच्या मशीनवर पाठवायची आणि सकाळी दोघे मिळून पाहायचे.

प्रकल्पाची मुदत संपली आणि तिचा पगार थांबला. मंजुरीच्या कागदात यंत्राची देखभाल पुढच्या काही वर्षांसाठी होती, माणसाची नव्हती. त्या फाउंड्रीमालकांपैकी एकाने तिला स्वतःकडे ठेवून घेतले, म्हणून ते काम टिकले. हे दैवावर सोडण्याचे काम नाही. यंत्राच्या प्रत्येक मंजुरीबरोबर कारखान्यात बसणाऱ्या माणसांची मंजुरी हवी, आणि तिची मुदत यंत्राच्या मुदतीएवढी हवी. युरोपने २०२० मध्ये तीसहून अधिक देशांत राष्ट्रीय सक्षमता केंद्रे काढली, ती याच जाणिवेतून. महासंगणक एका देशात असला तरी त्याकडे नेणारी माणसे प्रत्येक देशात.

८. कार्यशाळा मराठीतून घ्या

यावर फार लिहायचे कारण नाही. मालक इंग्रजी समजतात, पण निर्णय फिरतो तो मिस्त्री, पॅटर्नवाले आणि सुपरवायझर यांच्या मतावर. कार्यशाळा मराठीतून असेल तर ते प्रश्न विचारतात. इंग्रजीतून असेल तर मागच्या रांगेत बसतात आणि जेवणानंतर निघून जातात. मेश, सॉल्व्हर, कोअर हे शब्द तसेच ठेवावेत, ते कुणालाच अडत नाहीत.

९. नोंदवहीतले रकाने

सरकारी कार्यक्रमाचा अहवाल मागतो ते आकडे ठरलेले असतात: किती कार्यशाळा झाल्या, किती जण हजर होते, किती पत्रके वाटली. ते देणे भाग असते आणि आम्ही देतो. पण जे मोजले जाते तेच वाढते, आणि हजेरी वाढवून कुणाचे कास्टिंग सुधारत नाही.

म्हणून आम्ही शेजारी दुसरी वही ठेवू लागलो. तिच्यात पहिला रकाना कारखान्याने आणलेल्या अडचणीचा, त्याच्याच शब्दांत. दुसरा, काम ग्रिडचे होते की नव्हते, आणि नसेल तर काय सुचवले. तिसरा, कुठे अडले: परवाना, इंटरनेट, गोपनीयता, माणूस की पैसा. चौथा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा: हा कारखाना दुसरे काम घेऊन आपणहून परत आला का? पाचवा, दुसऱ्या वेळी त्याने पैसे दिले का? पहिली चाचणी मोफत असावी, दुसरीला थोडे तरी शुल्क असावे, असे माझे ठाम मत झाले आहे. पैसे देणारा वेळेवर उत्तर मागतो, आणि उत्तर मागणारा ग्राहक मिळाला की सरकारी केंद्रही आपली कामाची पद्धत बदलते. पावती, जीएसटीचे बिल, तासाचा जाहीर दर या साध्या गोष्टी असतील तर कारखान्याचा खरेदी विभाग तो खर्च वीजबिलासारखा मंजूर करतो. नसतील तर मालकाची इच्छा असूनही फाइल अडते.

मार्च २०२४ मध्ये केंद्राने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मिशनला १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. त्यातून जीपीयूंचे तास सवलतीच्या दरात मिळू लागले आहेत. ही शक्ती पुन्हा एकदा मोठ्या शहरांतल्या जाणकारांकडेच राहू नये म्हणून आताच हालचाल करायला हवी. प्रत्येक मोठ्या एमआयडीसीतल्या उद्योजक संघटनेच्या ऑफिसात एक टेबल, त्यावर एक चांगला संगणक, वेगवान इंटरनेट, कारखाने फिरणारा एक पगारी इंजिनिअर, आणि वर सांगितलेली ती पाच रकान्यांची वही. वहीतली नावे झाकून तिची पाने दर तीन महिन्यांनी मराठीत छापावीत आणि शेजारच्या एमआयडीसीत वाटावीत. शिरोलीत रायझरचे काय झाले ते अंबडच्या माणसाला कळू द्या, आणि अंबडमध्ये परवान्याचे भाडे कसे ठरले ते भोसरीला.